पाळकसाहेबांचे आभार कसे मानावेत

आभार मानायचे राहून गेले अशी माणसं प्रत्येकाच्या आयुष्यात चार-दोन असतात. पण कुणालाही, कधीही, कशाबद्दलही आपले आभार मानू दिले नाहीत असा माणूस सबंध मराठवाड्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका औरंगाबादच्या छावणीत माझ्या घराला लागून राहायला होता. चर्चच्या आवारातल्या कौलारू घरात राहणारे आमचे पाळकसाहेब. त्यांची ख्रिस्ती मंडळी त्यांना पाळकसाहेब म्हणे, बाकीचं गाव पादरीसाब म्हणे. आणि शेजारी मी, म्हणजे आभार मानण्याशिवाय ज्याला दुसरं काही धड येत नाही असा मराठीचा मास्तर. देवाला थट्टा करायची हुक्की आली की तो माणसांना असं शेजारी-शेजारी घर देत असावा.

माझी ओळख मलाच करून द्यायला हवी, कारण मी करून दिल्याशिवाय ती कुणी करून देत नाही. मी निजामाच्या राज्यात उर्दू अलिफ-बे गिरवत मॅट्रिक झालेला माणूस. पोलीस ॲक्शन झाली, शाळांची भाषा बदलली, मराठी शिकवायला माणसं मिळेनात, तेव्हा ज्याच्या घरात मराठी बोलतात तो मराठीचा शिक्षक, या हिशेबानं मला नेमलं. आपल्याला येत नाही ते झाकायला माणूस मोठे शब्द वापरतो. मी पाण्याला जल म्हणू लागलो, झाडाला वृक्ष म्हणू लागलो, आणि हेडमास्तरांना रजेचा अर्ज लिहिताना पोटदुखीला उदरव्यथा म्हणालो, तेव्हा त्यांनी घाबरून एकदम आठ दिवसांची रजा मंजूर केली. असं करत करत औरंगाबादेत माझी वक्ता म्हणून कीर्ती झाली. कुणाचं स्वागत असो, निरोप असो, श्रद्धांजली असो, करमाडपासून कन्नडपर्यंत मला बोलावणं येई. माझ्या भाषणांत लोक रडत. त्यातले बरेचसे कंटाळून रडत, असं माझी बायको म्हणते. पण तिचं मराठी माध्यमिक शाळेपर्यंतचंच आहे.

पाळकसाहेबांची पहिली ओळख झाली ती त्यांच्या सायकलीमार्फत. त्या सायकलीला ब्रेक नव्हते. होते म्हणायचे कधीकाळी, पण मी पाहिलेले नाहीत. थांबायचं झालं की ते आधी लांबून "सलाम, सलाम!" असं ओरडत, मग दोन्ही पाय जमिनीला घासत, आणि तरी नाहीच थांबली तर माझ्या कुंपणाच्या मेंदीत घालत. एका बाजूनं माझी मेंदी कधी वाढलीच नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "पाळकसाहेब, आपण या वाहनाला गतिरोधनाची काही योजना का करत नाही?" ते म्हणाले, "मास्तर, निघायच्या आधी मी प्रार्थना करतो की." मी म्हटलं, "आपलं ठीक आहे, पण समोरून येणाऱ्या माणसाचं काय?" तर शांतपणे म्हणाले, "त्याच्यासाठीच करतो." कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान असलेले चाचा रोज हात जोडत, "पादरीसाब, खुदा के वास्ते ब्रेक लगवा लो, पैसे नक्को देना." पाळकसाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "लावू, लावू, निवांत लावू," आणि पाय घासत निघून जात. पुढं त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात चाचांनी राहवेना म्हणून, न विचारता, सायकलीला नवे कोरे ब्रेक लावून टाकले. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आयुष्यात पहिल्यांदा सायकलीवरून पडले. सवय नव्हती ना! गुडघा फुटला आणि चाचा महिनाभर कानाला हात लावत हिंडले.

आणि ती सायकल कुठं कुठं जायची म्हणून सांगू? कुणाच्या घरी मयत झालं, ते कुठल्या जातीधर्माचं आहे हे कळायच्या आत पाळकसाहेब खांदा द्यायला उभे. दुष्काळात टँकर आमच्या गल्लीत येईना तर हे तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबासाठी मोठ्यानं प्रार्थना करू लागले. तिसऱ्या दिवशी टँकर आला. नवरा-बायकोचं भांडण झालं की दोघांच्या मध्ये बसून आधी चहा मागत, कारण चहा करायला बाई आत गेली की अर्धं भांडण निवतं, असं त्यांचं मत. त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची औषधं असत. ऐन मे महिन्यात, औरंगाबादच्या उन्हात, तो काळा कोट! मी एकदा विचारलं, उकडत नाही का? म्हणाले, "लई उकडतं. पण खिसे कोटालाच हायत."

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे प्रार्थना. ती लांब असे हे सांगून काहीच कळणार नाही. चहाचा कप समोर आला की ते डोळे मिटत, आणि ते डोळे उघडत तेव्हा चहावर अशी जाड साय धरलेली असे, की ती काढून विरजणात टाकावी. त्यात सगळ्यांची नावं येत. "बापा, तुला ठाऊकच हाय," अशी सुरुवात, आणि मग देवाला ठाऊक असलेलं सगळं आम्हांलाही ठाऊक होई. कुणाची म्हैस चारा खाईना, कुणाच्या पोरीला बघायला वैजापूरची मंडळी येणार, कुणाचा भाचा परीक्षेत गचकला, सगळं. आमच्या गल्लीत वर्तमानपत्र घेणाऱ्यांची संख्या फार कमी होती ती त्यामुळेच. माझ्यासाठीही ते न चुकता मागत. "बापा, आमच्या मास्तरांचं भाषण आटोपशीर होऊ दे," हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ही एक मागणी देवानं कधी मान्य केली नाही.

आता यातली गोम अशी, की प्रार्थना चालू असताना मध्ये बोलता येत नाही. कुणाच्याही धर्मात नाही. कुणी आभारासाठी तोंड उघडलं की पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर, चोरी पकडली गेल्यासारखी, एक कासाविशी दिसे. ते चटकन हात वर करत, "चला, डोळे मिटा, प्रार्थना करू या!" म्हणत, आणि समोरचा माणूस डोळे मिटून बसे. आमेन झालं की डोळे उघडावेत तो पाळकसाहेब सायकलीवर. माणसाच्या तोंडातले आभार तोंडातच राहत. मी पुष्कळ वेळा बघितलं, आणि मनात म्हटलं, या मराठवाड्यात मी एक असा आहे, की जो यांना एक दिवस चारचौघांत पकडून पुरते आभार ऐकवील. हा माझा पण होता. त्या पणाचं जे झालं ते पुढं सांगतो.

तसं त्यांनी मला फजीत करायचंही काही बाकी ठेवलं नव्हतं. त्यांच्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण असे. मंडळी शेतातलं पहिलं पीक, कोंबडी, अंडी, लिंबं असं काय काय देवाला आणून देत, आणि उपासना झाल्यावर आवारातच त्याचा लिलाव होई. पाळकसाहेब स्वतः बोली पुकारत. पहिल्या वर्षी त्यांनी मला खास बोलावून पुढच्या सतरंजीवर बसवलं. एक भला मोठा भोपळा निघाला, आणि चारचौघांत आपण मागं राहू नये म्हणून मी बोली वाढवत गेलो. भोपळा मला मिळाला. टाळ्या पडल्या. मी उठलो, सर्वांना नमस्कार केला, भोपळा खांद्यावर घेतला आणि थेट घरी निघालो. मागं एकदम शांतता पसरली. मला वाटलं, आदरानं. तिथला रिवाज असा, की ज्यानं वस्तू घेतली त्यानं ती पुन्हा देवाला द्यायची, मग पुन्हा तिचा लिलाव, पुन्हा दान. एकेक कोंबडी संध्याकाळपर्यंत दहा जणांची होऊन शेवटी कुणा गरजूच्या घरी जाते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला वरातीच्या घोड्यासारखा मिरवत भोपळा घेऊन चाललोय, आणि सगळी मंडळी पाठमोऱ्या मला बघतेय. मागून पाळकसाहेबांचा आवाज आला, "बापा, मास्तरांच्या घरी आज भाजी गोड होऊ दे." आणि शे-दोनशे माणसं एका सुरात आमेन म्हणाली. हा रिवाज मला कळला तो भोपळ्याच्या घाऱ्या खाऊन झाल्यावर. पुढं जन्मभर त्या सणाला मला बघून पोरं ओरडत, "मास्तर, भोपळा आलाय!"

हसू नका. आता सांगतो ते हसण्यासारखं नाही, म्हणजे निम्मंच हसण्यासारखं आहे. एका उन्हाळ्यात माझी बायको विषमज्वरानं दवाखान्यात पडली. घरात म्हातारी आई, डोळ्यांनी अधू, आणि सोवळं असं कडक की विचारू नका. स्वयंपाक माझ्यावर आला. मला 'अन्न हे पूर्णब्रह्म' यावर तासभर बोलता येत होतं, पण चूल पेटवता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. त्यांच्या घरचा डबा आईला चालणार नाही हे त्यांना न सांगता कळलं होतं. त्यांनी कोटाच्या खिशातून ज्वारीच्या पिठाची पिशवी काढली, उंबऱ्याच्या आत ठेवली, स्वतः उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले आणि तिथून मला भाकरी शिकवू लागले. "मास्तर, पाणी लई झालं! आता पीठ घाला. मळा, मळा, असं गोंजारू नका त्याला!" रोज सकाळी आधी दवाखान्यात जाऊन माझ्या बायकोजवळ बसत, तिची खबर आणत, आईला मोठ्यानं सांगत, आणि मग त्या उंबऱ्यात उभं राहून माझ्या भाकरीचा नकाशा सुधारत. बाहेर ऊन असं, की पाखरू दिसायचं नाही. त्यांचा तो काळा कोट घामानं भिजून पाठीला चिकटलेला असे.

असे किती दिवस गेले मी मोजले नाहीत. एक दिवस आई माळ ओढता ओढता म्हणाली, "अरे, त्यांना आत ये म्हण की. उभं राहून पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे." मी पीठ भरल्या हातांनी दाराशी गेलो आणि त्यांना आत आणलं. आईनं स्वतः पाट मांडला. मी थापलेली ती कडा फाटलेली भाकरी आई आणि पाळकसाहेब दोघांनी एकाच वेळी खाल्ली, आणि दोघांनीही माझ्या तोंडावर ती चांगली झाल्याचं खोटं सांगितलं. बायको बरी होऊन घरी आली त्या दिवशी मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "पाळकसाहेब, आपल्या अनंत उपकारांचे ऋण..." पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच. "मास्तर, डोळे मिटा." नंतर एकदा मी धोतरजोडी घेऊन गेलो, त्यांनी धोतरासाठी प्रार्थना केली आणि ते संध्याकाळी चर्चच्या माळ्याच्या अंगावर दिसलं. एकदा मी सायकलीच्या मागं पळत पळत आभार मानायचा यत्न केला. चाचांना वाटलं पाळकसाहेबांनी माझं काही उचलून नेलं.

म्हणून त्यांच्या निवृत्तीची वार्ता आली तेव्हा सगळी गल्ली हळहळली आणि मी, खोटं कशाला बोलू, जरासा उल्हसितही झालो. हळहळ अशी, की त्यांच्यात निवृत्त पाळकानं त्या गावी राहायचं नाही. नवा माणूस येणार, मंडळीनं त्याच्याकडे जावं, म्हाताऱ्याकडे नको, म्हणून जुन्यानं आपली वळकटी बांधून निघायचं. पाळकसाहेब मुलीकडे सोलापूरला जाणार होते. इथं सगळी हयात काढली आणि इथं राहायची सोय नाही! मी म्हटलं, हा कुठला न्याय? ते म्हणाले, "बरोबर हाय मास्तर. मी इथं ऱ्हायलो तर नव्या पाळकाच्या प्रार्थना आखूड वाटतील लोकांना." आणि उल्हास असा, की निरोपाच्या कार्यक्रमात प्रमुख भाषण माझं होतं. सत्कारमूर्तीला खुर्चीवर बसवतात, गळ्यात हार घालतात, शाल पांघरतात. तिथून पळायला जागा नसते. आता सापडले म्हटलं! पंधरा दिवस मी आरशासमोर भाषण घोकलं. त्यात गंगेचा ओघ होता, वटवृक्षाची छाया होती, कैलासाचं गोपुर होतं. उंबरा आणि भाकरी मात्र मी मुद्दाम गाळली होती. ती मला जरा घरगुती वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी सत्कारमूर्ती सकाळपासून मांडवात खुर्च्या लावत होते. पाहुणे आले तेव्हा फाटकाशी उभं राहून "या, या, पुढं बसा" म्हणायला हेच. परगावच्या कुणीतरी विचारलं, "कुणाचा सत्कार हाय?" तर म्हणाले, "हाय एक म्हातारा, बसा तुम्ही." अखेर त्यांच्या पत्नीनं, गल्लीतले सगळे जण ज्यांना नुसतं बाई म्हणत त्या बाईंनी, दंड धरून त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. गायन झालं, हार झाले, चाचांनी अत्तर लावलं. अध्यक्षांनी शाल घातली आणि म्हणाले, "आता आपले लाडके वक्ते..." मी उठलो. घसा साफ केला. तेवढ्यात पाळकसाहेब उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

बस्स. ते हात वर झाले की उपासना संपली, हे तिथल्या पोरापोरीच्या अंगात मुरलेलं. शेवटचा आशीर्वाद ज्याला म्हणतात तोच हा. सगळ्यांच्या माना आपोआप खाली गेल्या. पाळकसाहेबांनी भरल्या आवाजात आशीर्वाद दिला, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हटलं. मग खुर्च्या सरकल्या, बायकांनी लेकरं उचलली, चपलांची शोधाशोध सुरू झाली आणि मंडळी लाडू-चिवड्याच्या दिशेनं निघाली. अध्यक्षही निघाले! मी माइकसमोर "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणालो तेव्हा ऐकायला मांडववाला तेवढा उरला होता, आणि तोही माइकची वायर गुंडाळत होता. मी बाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, हे विसरून झालं का मुद्दाम?" बाई म्हणाल्या, "इचारू नका त्यांना. चुकून झालं म्हणतील. अशी चूक करायची त्यांनी किती दिस आधी ठरवलं हुतं, ते मला बी कळू दिलं नाय." त्यांनी माझ्या हातात चिवड्याची बशी दिली. मी तो सगळा खाल्ला. दुःखातही मला भूक लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघणार होते. मी एसटी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती, चाचा टपावर ट्रंक चढवत होते. पाळकसाहेब त्याच काळ्या कोटात उभे, पण खिसे रिकामे, सपाट. सगळी औषधं ज्याची त्याला पोचवून आले होते. ते सपाट खिसे बघितले आणि गंगेचा ओघ, वटवृक्ष, सगळं कुठल्या कुठं गेलं. मी म्हटलं, "पाळकसाहेब..." त्यांनी माझं तोंड बघितलं आणि सवयीनं हात वर केला, "चला मास्तर, डोळे..."

"नाय!" मी ओरडलो. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "आज तुम्ही मिटा. आज मी करणार."

बाईंनी आधी मिटले. मग त्यांनी मिटले. मला ख्रिस्ती प्रार्थना येत नव्हती, हिंदूही धड येत नव्हती. मी हात जोडले आणि जे तोंडात आलं ते बोलू लागलो. "बापा, तुला ठाऊकच हाय, तरी सांगतो. माझी बायको मरणाच्या दारात होती तवा हा माणूस रोज तिच्याजवळ जाऊन बसला. माझ्या घराच्या उंबऱ्यात उन्हात उभा राहिला, मला भाकरी करायला शिकवली. माझी आई मरताना मला म्हणाली, पादरीसाबाला बोलाव. तुला नाय बोलावलं बापा, त्यांना बोलावलं. माझ्यासारख्या बडबड्यासाठी ह्यानं रोज तुझ्यापाशी काही ना काही मागितलं. आता हा चाललाय. मला लई वाईट वाटतंय. मला याच्याइतकं जवळचं कुणी नाय. त्याला सांभाळ. त्याच्या गुडघ्याला सांभाळ, तो पडलाय नुकताच." माझ्या तोंडून एकही मोठा शब्द निघत नव्हता. निजामाच्या काळात आईपाशी बोलत होतो तसं बोलत होतो.

सांगायचं ते सांगून झालं होतं, पण मी थांबेना. मी चाचांसाठी मागितलं, नव्या पाळकासाठी मागितलं, गाडीच्या ड्रायव्हरसाठी, सोलापूरच्या नातवंडांसाठी, आमच्या हेडमास्तरांसाठीही मागितलं, ज्यांच्यासाठी मागायचं काही कारण नव्हतं. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला होता आणि तसाच धरून ठेवला होता, असं चाचांनी मला नंतर सांगितलं. शेवटी बाईंचा हलका आवाज आला, "मास्तर, आमेन म्हणा आता. गाडी सुटंल." मला ते कळत होतं. आमेन म्हटलं की ते जाणार, एवढंच तर मला कळत होतं.

अखेर मी आमेन म्हटलं. डोळे उघडले. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेलेच होते, आणि कोटाची बाही ते चेहऱ्यावरून फिरवत होते. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "लई लांबली, मास्तर," एवढंच म्हणाले, आणि गाडीत चढले. खिडकीतून हात दिसला, मग धूळ दिसली, मग तीही दिसेना. घरी परतलो तर कुंपणाच्या मेंदीला त्या एका बाजूनं कोवळी पालवी येऊ लागली होती, ती मला बघवली नाही म्हणून मी मागच्या दारानं आत गेलो.

ती प्रार्थना देवापर्यंत पोचली का, ते मला सांगता येणार नाही. माझी आणि त्याची तेवढी ओळख नाही. पाळकसाहेबांपर्यंत मात्र ती सगळीच्या सगळी पोचली, आणि मध्ये त्यांना एक शब्दही बोलता आला नाही.